जुन्या रेसकारला रेडियल का मानवत नाही

इंग्लंडमधल्या गुडवूडला दर सप्टेंबरात जुन्या गाड्यांच्या शर्यती होतात. ट्रॅकवर उतरतात त्या 1966 पर्यंतच्या काळातल्याच गाड्या. त्यांचे फोटो पाहिले की एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. वळणात गाडी चक्क तिरकी चाललेली असते, पुढची चाकं वळणाच्या उलट्या बाजूला वळवलेली असतात, आणि ड्रायव्हर मात्र निवांत दिसतो. एवढी तिरकी झालेली आजची रेसकार बहुधा ट्रॅकवर राहणार नाही. धाडसाचा वाटा यात आहेच, पण मोठा वाटा टायरच्या पोटातल्या दोऱ्यांचा.

टायर म्हणजे नुसतं रबर नव्हे. आत दोऱ्यांचे थर असतात. पूर्वी ते सुती होते, मग रेयॉनचे आले, मग नायलॉनचे. गाडीचं वजन पेलते ती हवा, आणि त्या हवेला आवरून धरतात ते हे दोरे. रेडियलच्या आधीच्या काळातल्या बायस-प्लाय टायरमध्ये ते एका बीडपासून, म्हणजे रिमवर घट्ट बसणाऱ्या तारेच्या कडेपासून, दुसऱ्या बीडपर्यंत तिरपे जातात. धावण्याच्या दिशेशी त्यांचा कोन साधारण 30 ते 40 अंशांचा. एक थर डावीकडे कललेला, त्यावरचा उजवीकडे. ब्रिटिश लोक याला क्रॉस-प्लाय म्हणतात, आपले ट्रकवाले सरळ ‘नायलॉन’. मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या लिफ्टला जाळीचं सरकतं दार असतं. ते ओढलं की जाळीचा प्रत्येक चौकोन एका बाजूने ताणला जातो आणि दुसऱ्या बाजूने आखडतो. बायस टायर फिरताना रस्त्याला टेकणाऱ्या भागात नेमकं हेच चालू असतं. थर एकमेकांवर सरकू पाहतात, मधलं रबर चोळलं जातं, तापतं. शिवाय साइडवॉल (टायरची बाजू) आणि ट्रेड (रस्त्याला टेकणारा नक्षीचा भाग) एकाच जाळ्यातले असल्यामुळे साइडवॉल वाकली की ट्रेडही वळवळते.

मिशेलिनने 1946 मध्ये रेडियलचं पेटंट घेतलं आणि 1949 मध्ये ‘एक्स’ नावाचा टायर बाजारात आणला. त्यात दोरे बीडपासून बीडपर्यंत सरळ आडवे, 90 अंशांत. एवढ्यावर भागलं असतं तर टायर वळणात लुळा पडला असता, म्हणून ट्रेडखाली पोलादी तारांचा पट्टा घातला. आता साइडवॉल हवी तेवढी वाको, ट्रेड रस्त्यावर सपाट राहते. उष्णता कमी, झीज कमी, पेट्रोलही कमी. साइडवॉल मऊ असल्याने रेडियल खाली जरा फुगलेला दिसतो. पाहणाऱ्याला वाटतं हवा कमी आहे, आणि तो गरज नसताना हवा भरून घेतो.

मग जुन्या गाडीला शर्यतीत रेडियलच का नको? उत्तर ‘स्लिप अँगल’मध्ये आहे. वळताना चाकाचं तोंड एका दिशेला असतं आणि चाक प्रत्यक्षात थोड्या वेगळ्या दिशेने जातं. या दोन दिशांमधला कोन म्हणजे स्लिप अँगल. तो वाढत गेला की टायरची पकडही वाढत जाते, एका टोकाला पोचते आणि मग उतरू लागते. रेसच्या रेडियलचं हे टोक साधारण 4 ते 6 अंशांवर येतं. जुन्या बायसचं बरंच पुढे, 8-10 अंशांच्या आसपास, आणि त्यानंतरचा उतारही सौम्य. म्हणजे बायस टायर सुटण्याआधी भरपूर सूचना देतो. स्टिअरिंग हलकं होतं, मागचा भाग हळूहळू बाहेर यायला लागतो, ड्रायव्हरला सावरायला वेळ मिळतो. रेडियल जास्त घट्ट धरून ठेवतो आणि सोडतो तेव्हा पटकन सोडतो. 1950 च्या दशकातला विश्वविजेता फँजिओ याची माझेराटी 250एफ वळणात चारही चाकांवर घसरत जायची ते म्हणूनच. त्या टायरला सगळ्यात जास्त पकड मिळायची तो कोनच मोठा होता.

वेगाच्या हिशेबात रेडियल शेवटी जिंकलाच. 1977 मध्ये सिल्व्हरस्टोनला रेनोने मिशेलिनचे रेडियल लावून फॉर्म्युला वनमध्ये पाऊल टाकलं. पुढच्याच वर्षी ब्राझीलमध्ये कार्लोस रॉयटेमनने फेरारीतून त्यांच्यावर पहिली शर्यत जिंकली आणि 1979 मध्ये त्याच टायरवर फेरारीचा ड्रायव्हर जोडी शेक्टर विश्वविजेता झाला. पण त्या गाड्यांचं सस्पेन्शन रेडियलसाठी बसवलेलं होतं. हा मुद्दा जुनी गाडी घेणारे बरेचदा विसरतात.

1961 ची जॅग्वार ई-टाइप घ्या. कारखान्यातून ती डनलॉपच्या 6.40-15 क्रॉस-प्लायवर निघाली. रेडियल नंतर, 185-15 मापाचे. पुढच्या चाकांना कंपनीने किंचित पॉझिटिव्ह कॅम्बर दिला होता, म्हणजे चाकं वरच्या बाजूला जराशी बाहेर झुकलेली. गोलसर तोंडाच्या बायस टायरला ते चालतं. रेडियलच्या सपाट ट्रेडला चालत नाही. वळणात गाडी कलली की बाहेरच्या चाकाची फक्त कड रस्त्याला टेकते. त्याला उलट नेगेटिव्ह कॅम्बर लागतो, ट्रॅकवर दोन-तीन अंशही. म्हणजे नुसते टायर बदलून भागत नाही, सस्पेन्शन नव्याने बसवावं लागतं. त्यात वाढलेली पकड कुठेतरी जाऊन बसतेच. तारांच्या चाकांच्या स्पोक्सवर, हबवर, साठ वर्षांच्या वेल्डिंगवर असा ताण येतो, ज्याचा विचार मूळ इंजिनिअरने केलेलाच नव्हता.

त्यामुळे माझं मत असं: गाडी शर्यतीत उतरवायची असेल आणि ती बायसच्या काळातली असेल, तर बायसच घ्यावेत. अनेक ऐतिहासिक शर्यतींच्या नियमांतही दुसरा पर्याय ठेवलेला नसतो. फेरारी डेटोनासारख्या गाड्या मुळातच रेडियलवर जन्मल्या, त्यांचा प्रश्नच वेगळा. आणि गाडी रस्त्यावर, लांब पल्ल्याला चालवायची असेल तर बिनदिक्कत रेडियल. बायस टायर रस्त्यावरच्या खाचा-चाकोऱ्या धरून भरकटतो. रात्रभर उभ्या गाडीखाली नायलॉन चपटा होतो आणि सकाळी पहिले काही किलोमीटर गाडी धडधडते. पद्मिनी किंवा अ‍ॅम्बॅसेडर चालवलेल्यांना हे सांगायला नको.

दोन्ही मिसळू मात्र नयेत. पुढे रेडियल आणि मागे बायस ही सगळ्यात वाईट जोडी. मागच्या टायरचा स्लिप अँगल पुढच्यापेक्षा मोठा होतो आणि गाडीची शेपटी सुटते. ब्रिटनमध्ये या जोडीवर कायद्यानेच बंदी आहे. आणि टायर कोणताही घ्या, साइडवॉलवरचे तारखेचे चार आकडे वाचून घ्या: 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. नक्षी जुनी असावी, रबर नव्हे.