एस्टोनियाच्या सैन्याची गोष्ट 1939 पासून का वाचायची

एस्टोनिया म्हणजे जेमतेम 13-14 लाख लोकांचा देश, शेजारी रशिया, आणि तिथे आजही तरुण मुलांना सक्तीने लष्करी ट्रेनिंग घ्यावं लागतं. मला विचाराल तर याचं मूळ एका न झालेल्या लढाईत आहे.

पहिली लढाई मात्र ते जबरदस्त लढले होते. 24 फेब्रुवारी 1918 ला रशियापासून स्वातंत्र्य जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी जर्मन फौजा राजधानी टालिनमध्ये, मग जर्मनी हरल्यावर नोव्हेंबरात सीमेवरच्या नार्वा शहराकडून रशियाची रेड आर्मी घुसली ती जानेवारीत टालिनपासून 35-40 किलोमीटरवर येऊन ठेपली. सैन्य असं नव्हतंच फारसं. शाळेतली पोरं आणि त्यांचे मास्तर भरती झाले, साध्या रेल्वेगाड्यांना चिलखत चढवून त्यावर तोफा बसवल्या, फिनलंडहून स्वयंसेवक आले, ब्रिटिश नौदलाने दोन रशियन डिस्ट्रॉयर युद्धनौका पकडून यांच्या हवाली केल्या. सरसेनापती होता योहान लायडोनर. 2 फेब्रुवारी 1920 ला तार्तू करारात रशियाने यांचं स्वातंत्र्य कायमसाठी मान्य केलं.

हे 'कायमसाठी' 20 वर्षंच टिकलं. ऑगस्ट 1939 मध्ये हिटलर-स्टालिन करार झाला, त्यात एस्टोनिया स्टालिनच्या वाट्याला गेला, सप्टेंबरात मॉस्कोने लष्करी तळ मागितले, एस्टोनियाने एकट्याने काय लढणार म्हणून सही केली आणि सुमारे 25 हजार सोव्हिएत सैनिक आत आले. जून 1940 मध्ये अल्टिमेटम आला तेव्हा देश आतूनच वेढलेला होता. टालिनच्या राउआ रस्त्यावर सिग्नल बटालियनने तेवढी झुंज दिली, बस, आणि देश सोव्हिएत संघात गेला. लायडोनर 1953 ला रशियातल्या तुरुंगात वारला. तिकडे फिनलंड लढला, जमीन गमावली पण स्वतंत्र राहिला, आणि ही तुलना एस्टोनियन माणसाला अजून टोचते.

म्हणून 1991 ला स्वातंत्र्य परत मिळाल्यावर सगळं शून्यातून उभं केलं. नागरिकांचं स्वयंसेवी दल काइत्सेलीट तर त्याआधीच, 1990 मध्ये पुन्हा सुरू झालं होतं, शस्त्रं इस्रायलकडून घेतली, शेवटचं रशियन सैन्य 31 ऑगस्ट 1994 ला गेलं. 2004 ला तिन्ही बाल्टिक देश नाटोत गेले, त्यानंतर लात्विया आणि लिथुआनियाने सक्तीची भरती बंद केली, एस्टोनियाने नाही केली आणि माझ्या मते तेच बरोबर होतं, कारण रशियाने युक्रेनचा क्रिमिया बळकावल्यावर लिथुआनियाने 2015 ला आणि युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर लात्वियानेही ती परत आणली.