नवा लॅपटॉप चालू होत नाही? दुकानात येण्याआधी एवढे पाहा

(आमच्याकडून लॅपटॉप नेलेल्या ग्राहकांसाठी. बिलासोबत जपून ठेवावे.)

दुकानात फोन येतो, "काल नेलेला लॅपटॉप चालूच होत नाहीये." आम्ही विचारतो, "म्हणजे नक्की काय होतंय?" पलीकडून जरा चढ्या आवाजात, "अहो, सांगतोय ना, चालूच होत नाही."

'चालू होत नाही' या तीन शब्दांत चार निरनिराळ्या तक्रारी असतात. एकीत दिवाच लागत नाही. दुसरीत दिवा लागतो, पण स्क्रीन काळी राहते. तिसरीत कंपनीचे नाव येते आणि गाडी तिथेच थांबते. चौथीत विंडोज दिसू लागते, पण पुढे सरकत नाही. प्रत्येकीचे औषध वेगळे आहे. त्यामुळे बटण दाबल्यावर लॅपटॉप कुठवर जातो आणि कुठे अडतो, ते एकदा शांतपणे पाहा. तेवढे सांगितलेत तर पुष्कळदा फोनवरच काम होते आणि लक्ष्मी रोडच्या गर्दीतून तुमची खेप वाचते.

दिवाच लागत नाही

नव्या लॅपटॉपची बॅटरी कारखान्यातून निघताना बहुधा 'झोपवलेली' असते. गोदामात आणि प्रवासात ती उतरू नये म्हणून कंपनी तिचा पुरवठा आतल्या आत तोडून ठेवते. अशा वेळी बटण कितीही दाबले तरी काही होत नाही, कारण चार्जर जोडल्याशिवाय ती जागी होत नाही. म्हणून खोक्यातून काढल्यावर पहिले काम चार्जर लावण्याचे, आणि तोही थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये. टीव्ही, मिक्सर आणि राउटर एकत्र नांदत असलेल्या एक्स्टेन्शन बोर्डात नको. अर्धा तास तसाच ठेवा, मग बटण दाबा.

चार्जर खोक्यातलाच हवा. हल्ली चार्जिंगची पिन मोबाइलसारखीच असते, त्यामुळे मोबाइलचा चार्जर बसतो, पण पुरत नाही. लॅपटॉपच्या चार्जरवर बारीक अक्षरांत २० व्होल्ट, ३.२५ अँपिअर असे काही छापलेले असते. म्हणजे ६५ वॉट. मोबाइलचे बरेच चार्जर १८-२० वॉटचे असतात. शिवाय लॅपटॉपला एकसारखी दिसणारी दोन भोके असली तरी कधीकधी त्यांतल्या एकातूनच चार्जिंग होते. त्या भोकाशेजारी प्लगचे किंवा बॅटरीचे चिन्ह आहे का ते बघा.

तरीही शांतता असेल तर आम्ही काउंटरवर जे करतो तेच घरी करा. चार्जर काढा. पेन ड्राइव्ह, माउसचा रिसीव्हर, मेमरी कार्ड, जे जे खोचले असेल ते सगळे काढा. आता पॉवरचे बटण तीस सेकंद दाबून धरा. तीस म्हणजे तीस. बहुतेक लोक बारा-पंधरापर्यंत मोजतात आणि "काही होत नाही हो" म्हणून सोडून देतात. मग चार्जर लावा, दहा मिनिटे थांबा आणि बटण एकदा दाबून सोडा. आत उरलेला विजेचा अंश निघून गेला की अडकलेले सर्किट पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. यात तुमच्या फाइलींना काही होत नाही.

दिवा लागतो, पंखा फिरतो, स्क्रीन मात्र काळी

इथे घाई नको. हल्लीच्या डीडीआर५ (नव्या पिढीच्या) रॅमच्या लॅपटॉपमध्ये पहिल्यांदा चालू करताना, किंवा आम्ही रॅम वाढवून दिली असेल तर त्यानंतर पहिल्यांदा, यंत्र रॅमची जुळणी करत बसते. तेवढा वेळ स्क्रीन काळी असते. कधी एखादे मिनिट, कधी चार-पाच. त्याच वेळी बटण दाबून बंद केलेत तर जुळणी पुन्हा पहिल्यापासून.

दहा मिनिटे झाली तरी काळीच असेल तर कॅप्स लॉक दाबा. त्याचा छोटा दिवा लागतो-विझतो का? लागत असेल तर आत यंत्र बहुधा जागे आहे आणि दोष दिसण्यात आहे. मग विंडोज, कंट्रोल आणि शिफ्ट ही तिन्ही बटणे धरून बी दाबा. एक बारीकसा आवाज होऊन स्क्रीन लुकलुकते आणि पुष्कळदा चित्र परत येते. नाही आले, तर खोलीतला दिवा मालवून मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका धरा. अंधुक अक्षरे दिसली तर स्क्रीनमागचा उजेड गेलेला आहे. हे काम आमचे. घरच्या टीव्हीला एचडीएमआय केबलने जोडून चित्र येते का पाहिलेत, तर आणखी उत्तम.

कॅप्स लॉकचा दिवा ठरावीक तालात आपोआप लुकलुकत असेल तर तो संदेश आहे. किती वेळा लुकलुकतो, मध्ये किती थांबतो, याचा मोबाइलवर व्हिडिओ काढा. कंपनीचा तंत्रज्ञ त्यावरून कोणता भाग गेला याचा अंदाज बांधतो.

नाव येते आणि तिथेच थांबते

गेल्या जूनमध्ये कोथरूडहून एक काका आले. नातीच्या इंजिनिअरिंगसाठी घेतलेला लॅपटॉप, दोन दिवस व्यवस्थित, तिसऱ्या दिवशी कंपनीच्या नावावर ठप्प. बसने मांडीवर धरून आणला होता. आम्ही तो उलटासुलटा करून पाहिला, तर उजव्या बाजूला नखाएवढा पेन ड्राइव्ह, रंगही लॅपटॉपचाच. काकांनी त्यात आरत्या भरून ठेवल्या होत्या. तो काढला आणि लॅपटॉप चालू झाला. काका म्हणाले, "म्हणजे गणपतीनेच अडवलं होतं." आम्ही पैसे घेतले नाहीत, पण तेव्हापासून ग्राहकाला पहिला प्रश्न हाच विचारतो: काही खोचले आहे का?

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे आणि लुकलुकणारी रेघ एवढेच येत असेल तर आधी बिल वाचा. बिलावर 'डॉस' लिहिले असेल तर तुमच्या लॅपटॉपमध्ये विंडोज नाहीच. तो बिघाड नव्हे, तशा लॅपटॉपची तीच पद्धत आहे. आमच्याकडे असा लॅपटॉप आम्ही सांगूनच देतो. ऑनलाइन स्वस्त मिळाला म्हणून घेतलेले मात्र दर महिन्याला कोणी ना कोणी घेऊन येतातच.

'बूट डिव्हाइस सापडले नाही' अशा अर्थाचा संदेश असेल तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारा, यंत्राच्या मूळ सेटिंगचा पडदा) जाऊन एसएसडीचे, म्हणजे विंडोज आणि फाइली साठवणाऱ्या डिस्कचे, नाव दिसते का तेवढे पाहा. चालू करताच डेल, असूस, एसर, लेनोव्हो यांच्या बहुतेक मॉडेलवर एफ२, एचपीवर एफ१० टिचक्या मारल्यासारखे दाबत राहायचे. नाव दिसत नसेल तर फोन करा. दिसत असेल तरीही फोन करा. आतले काही बदलू नका. 'व्हीएमडी' किंवा 'सॅटा मोड' नावाची सेटिंग कुणाच्या सांगण्यावरून फिरवली, की चांगला चालणारा लॅपटॉपही निळ्या पडद्यावर जाऊन पडतो.

विंडोज दिसते, पण पुढे जात नाही

पहिल्या दिवशी 'थोडा वेळ थांबा' आणि गोल फिरणारे ठिपके तासभर दिसले तरी तो दोष नव्हे. अपडेट उतरत असतात. या वेळी जबरदस्तीने बंद करणे हे आमच्या पाहण्यातले नव्या लॅपटॉपच्या दुखण्यांचे सगळ्यात मोठे कारण. म्हणून एक स्थानिक सूचना: पहिले सेटअप गुरुवारी करायला घेऊ नका. महावितरणची देखभालीची कामे पुण्यात गुरुवारी निघतात. लॅपटॉप बॅटरीवर तग धरेल, पण राउटर जाईल आणि अपडेट अर्ध्यात लोंबकळेल.

सेटअपमध्ये 'नेटवर्कला जोडा' इथेच अडकलात आणि यादीत घरचे वायफाय दिसतच नसेल, तर बहुधा वायफायचा ड्रायव्हर (वायफाय चालवणारे छोटे सॉफ्टवेअर) आत नाही. अँड्रॉइड मोबाइल केबलने जोडा, मोबाइलमध्ये यूएसबी टेदरिंग (मोबाइलचे इंटरनेट केबलमधून लॅपटॉपला देणारी सोय) चालू करा आणि पुढे जा. ड्रायव्हर पुष्कळदा अपडेटमधून आपोआप येतो.

एरवी चांगला चालणारा लॅपटॉप अचानक ठिपक्यांवरच राहिला, तर तासभर वाट पाहा. मग ठिपके दिसत असताना बटण दाबून धरून बंद करा, पुन्हा चालू करा. असे लागोपाठ दोन-तीनदा झाले की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा निळा पडदा दाखवते. त्यात ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग स्टार्टअप रिपेअर. एवढेच करायचे. शेजारी 'रिसेट' असेही लिहिलेले असते. ते आमच्याशी बोलल्याशिवाय दाबू नका.

आता जरा नीट वाचा. कधीकधी, विशेषतः बायोस अपडेट झाल्यावर किंवा कंपनीने मदरबोर्ड बदलल्यावर, निळा पडदा ४८ अंकी किल्ली मागतो. ही बिटलॉकरची, म्हणजे विंडोजने डिस्कला घातलेल्या कुलपाची, किल्ली. नव्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की डिस्क बहुधा आपोआप कुलूपबंद होते, कुणी विचारतही नाही. किल्ली त्या खात्यात जमा असते. प्रश्न असा, की ते खाते कुणाचे? घरातल्या हुशार भाच्याने स्वतःच्या ईमेलवर लॅपटॉप सुरू करून दिला असेल, तर किल्ली भाच्यापाशी. भाचा असतो बंगळुरूला, फोन उचलत नाही आणि इथे प्रोजेक्ट उद्या जमा करायचा असतो. किल्ली नसेल तर त्या फाइली आम्हालाही काढता येत नाहीत, कंपनीलाही नाहीत. म्हणून खाते ज्याचा लॅपटॉप त्याच्याच नावे काढा आणि किल्ली पहिल्याच आठवड्यात कागदावर उतरवून कपाटात ठेवा. लॅपटॉपच्या बॅगेत नको.

काही बारीकसारीक

पत्र्याच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर लॅपटॉपला दोष देण्याआधी घरातले अर्थिंग तपासून घ्या. पेठांतल्या जुन्या वाड्यांत सॉकेटला तिसरे भोक असते, पण त्यामागे तार नसते.

तळ फुगल्यासारखा वाटला किंवा टचपॅड वर उचलला गेला, तर चार्जिंग ताबडतोब बंद करा आणि दाबून बसवायला जाऊ नका.

व्हिडिओ पाहून मागचे झाकण उघडू नका. आतली एखादी क्लिप तुटली, की वॉरंटीच्या वेळी कंपनीचा माणूस आधी त्यावरच बोट ठेवतो.

दुकानात येताना लॅपटॉप, त्याचाच चार्जर, बिल आणि पडद्यावर आलेल्या संदेशाचा फोटो आणा. चार्जर घरी राहिला म्हणून परत फिरलेले ग्राहक आठवड्याला दोन तरी असतात. आणि खोके, आतल्या थर्माकोलसकट, निदान महिनाभर माळ्यावर असू द्या. बदलून देण्याची वेळ आलीच, तर सीरियल नंबर लिहिलेले तेच खोके आमच्याकडे परत मागितले जाते.