पार्श्वभूमी : 1917 मध्ये ब्रिटिश आरमार ताफ्याला नकार का देत होते?

पहिल्या महायुद्धात 1 फेब्रुवारी 1917 पासून जर्मन पाणबुड्यांनी ब्रिटनभोवतीच्या समुद्रात दिसेल ते व्यापारी जहाज, तटस्थ देशाचे असले तरी, इशारा न देता बुडवायला सुरुवात केली. आधीचा शिरस्ता असा की जहाज थांबवायचे, खलाशांना होड्यांत उतरू द्यायचे आणि मग ते बुडवायचे. हा शिरस्ता 1915 मध्येही मोडला होता. त्या वर्षी मे महिन्यात 'लुसिटानिया' ही ब्रिटिश प्रवासी बोट बुडाली आणि डिसेंबरात मुंबईकडे निघालेली 'पर्शिया' क्रीटजवळ बुडाली. पण अमेरिकेच्या निषेधामुळे जर्मनी तेव्हा मागे सरला होता. आता जर्मन आरमाराच्या मुख्यालयाचा प्रमुख अ‍ॅडमिरल होल्त्झेनडॉर्फचा हिशेब पुढे आला: महिन्याला 6 लाख टन जहाजे बुडवली, तर पाच महिन्यांत ब्रिटन गुडघे टेकेल. अमेरिका युद्धात उतरली, तरी तिचे सैन्य पोहोचेपर्यंत सारे आटोपलेले असेल.

एप्रिलमध्ये साडेआठ लाख टनांहून अधिक जहाजे बुडाली. हिशेब जमत होता.

यावरचा उपाय जुनाच होता. शिडाच्या जहाजांच्या काळात, नेपोलियनविरुद्धच्या युद्धातही, व्यापारी जहाजे ताफ्याने आणि पहाऱ्यात जात. आरमाराला मात्र ते पटेना. व्यापारी कप्तानांना रांग सांभाळता येणार नाही, सर्वांना सर्वांत मंद जहाजाच्या वेगाने जावे लागेल, बंदरे तुंबतील अशा शंका होत्या. मुख्य अडचण आकड्यांची होती. आठवड्याला सुमारे 2500 जहाजे येतात आणि तितकीच जातात, त्यांना पुरतील एवढ्या विनाशिका (पहाऱ्याच्या वेगवान युद्धनौका) आणायच्या कुठून?

हे आकडे आरमारानेच प्रसिद्ध केलेले. पाणबुड्यांनी आपले काही बिघडत नाही, हे जगाला दाखवण्यासाठी त्यांत किनाऱ्यालगत ये-जा करणारी बारकी गलबतेसुद्धा धरली होती. दुसऱ्यांसाठी रचलेला देखावा घरातच खरा मानला गेला! फ्रान्सला कोळसा नेणाऱ्या जहाजांचे काम पाहणाऱ्या कमांडर रेजिनल्ड हेंडरसनने जहाजवाहतूक खात्याकडून खरी मोजणी मिळवली. महासागर ओलांडून येणारी जहाजे आठवड्याला जेमतेम 120 ते 140 होती.

27 एप्रिलला ब्रिटिश आरमारप्रमुख अ‍ॅडमिरल जेलिकोने ताफ्याला मंजुरी दिली. पंतप्रधान लॉइड जॉर्ज 30 तारखेला आरमाराच्या कचेरीत गेले आणि पुढे बरेचसे श्रेय स्वतःकडे घेऊन बसले. 10 मे रोजी जिब्राल्टरहून पहिला प्रायोगिक ताफा निघाला आणि एकही जहाज न गमावता पोहोचला.

वीस जहाजे एकत्र असली, तरी एवढ्या अफाट पाण्यात ती एका जहाजापेक्षा फारशी जास्त दिसत नाहीत. बाकीचा समुद्र ओस पडतो. पाण्याखाली संथ असलेली पाणबुडी वाट पाहत राहते, आणि ताफा सापडलाच, तर पाणतीर (टॉर्पेडो) सोडण्यासाठी तिला विनाशिकांच्या टापूतच यावे लागते. ताफ्यांतली हानी शेकडा एकाहूनही कमी राहिली. होल्त्झेनडॉर्फने जहाजे एकेकटीच येत राहतील, असे धरले होते.

4 ऑक्टोबर 1918 रोजी भूमध्य समुद्रात एका ताफ्यावर हल्ला करताना 'यूबी-68' ही पाणबुडी गमावून तिचा कप्तान इंग्रजांच्या हाती लागला. ताफ्यावर एकट्या पाणबुडीने नव्हे, तर अनेकींनी मिळून, रात्री, पाण्याच्या पृष्ठभागावरून तुटून पडावे, असे तो पुढे मांडू लागला. 1939 मध्ये जर्मन पाणबुड्यांची सूत्रे त्याच्याकडे होती. त्याचे नाव कार्ल डोनित्झ.