चोकेकिराओची वाट कोणी पाडली?

पेरू देशातील कुस्को शहराच्या पश्चिमेस विल्काबांबा पर्वतरांग पसरलेली आहे. तिच्या एका धारेवर, आपुरिमाक नदीच्या खोल दरीच्या वर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,०५० मीटर उंचीवर चोकेकिराओ या इंकाकालीन वसाहतीचे अवशेष आहेत. तेथे आजही मोटार पोचत नाही. काचोरा या गावातून सहसा वाटाड्या आणि खेचरवाला सोबत घेऊन निघतात आणि जाऊन-येऊन चार-पाच दिवस लागतात. कापुलियोकच्या कड्यावरून सुमारे १,४०० मीटर उतरून नदी गाठायची, पूल ओलांडायचा, समोरचा डोंगर जवळजवळ तितकाच चढून मारांपाता या वस्तीवर यायचे आणि तेथून अवशेषांकडे वळायचे, असा हा क्रम आहे. इंका अवशेषांकडे जाणारी ही वाटही इंकांचीच असणार, असा समज होणे स्वाभाविक आहे. मात्र दक्षिणेकडून आपुरिमाक ओलांडून जाणारा मार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी पुन्हा खुला झाला तो सोन्याच्या हव्यासापोटी, आणि त्या हव्यासाला जागेचे नावही पोषक ठरले, कारण केचुआ भाषेतील ‘चुकी किराव’ या नावाचा अर्थ ‘सोन्याचा पाळणा’ असा सांगितला जातो.

चोकेकिराओचे बांधकाम पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातले, म्हणजे सम्राट पाचाकुती आणि त्याचा मुलगा तोपा इंका युपांकी यांच्या कारकिर्दीतले मानले जाते. डोंगराचा माथा कापून सपाट केलेला विधीचा चौथरा, चौक, कोठारे, पाण्याचे पाट आणि उतारावर खालपर्यंत गेलेली पायऱ्यांची शेती असा त्याचा विस्तार असून त्याचा मोठा भाग अजून झाडीखालीच आहे. माचू पिचू या प्रसिद्ध इंका नगरीसारखा घडीव ग्रॅनाइट येथे दिसत नाही, कारण येथील दगड थरांचा आणि ठिसूळ आहे. त्यामुळे भिंती दगडांच्या सांध्यांत माती भरून रचलेल्या आहेत. पश्चिम उतारावरील पायऱ्यांच्या भिंतींत पांढरे दगड बसवून लामा प्राण्यांच्या आकृत्या काढलेल्या आहेत, आणि त्या या शतकाच्या पहिल्या दशकात झाडी साफ करताना उजेडात आल्या. इंका स्थापत्यात अशी चित्रे सहसा आढळत नाहीत. म्हणूनच उत्तरेकडील चाचापोया लोकांना येथे कामासाठी आणून वसवले असावे, असे काही अभ्यासक मानतात. जिंकलेल्या लोकांना दूरच्या मुलखात नेऊन वसवण्याची इंकांची राज्यपद्धती लक्षात घेता हे मत पटण्यासारखे आहे.

स्पॅनिश आक्रमणानंतरच्या घडामोडींमुळे या जागेला एक चुकीची ओळख चिकटली. मांको इंका याने १५३६ मध्ये स्पॅनिशांविरुद्ध उठाव करून कुस्कोला वेढा घातला. वेढा फसल्यावर मांको विल्काबांबाच्या दुर्गम डोंगरांत निघून गेला आणि तेथे इंकांचे एक छोटे राज्य १५७२ पर्यंत टिकून राहिले. त्या वर्षी शेवटचा इंका राजा तुपाक आमारू याला पकडून कुस्कोच्या चौकात ठार मारण्यात आले. त्या राज्याची राजधानी पुढे विस्मृतीत गेली, तिच्याबरोबर लपवलेल्या खजिन्याच्या कथा मात्र टिकल्या. एकोणिसाव्या शतकात जेव्हा जेव्हा कोणी चोकेकिराओच्या भिंतींसमोर उभा राहिला, तेव्हा हीच ती हरवलेली राजधानी असावी, असे त्याला वाटत राहिले. इटालियन वंशाचा भूगोलतज्ज्ञ आंतोनियो रायमोंदी यानेही हाच तर्क मांडला होता.

या जागेचा ‘शोध’ लागला असे म्हणणे तसे धाडसाचेच आहे. अठराव्या शतकातील स्पॅनिश लेखनात तिचे उल्लेख येतात. फ्रेंच अधिकारी युजीन द सार्तिज १८३४ मध्ये येथे पोचला आणि त्यानंतर लेओंस आंग्रां याने १८४७ मध्ये येथील आराखडे काढले. आलेल्या पाहुण्यांनी आपली नावे आणि सन पाटीच्या दगडांवर कोरून ठेवले होते. १८३४, १८६१ आणि १८८५ या वर्षांच्या अशा नोंदी पुढे येथे आलेल्या हायरम बिंगहॅम या अमेरिकन प्रवाशाने स्वतः पाहून उतरवून घेतल्या. वारसास्थळी नावे कोरण्याच्या सवयीबद्दल आपण त्रागा करतो, पण येथे त्याच सवयीने इतिहासाला तारखा पुरवल्या आहेत.

बिंगहॅम हा येल विद्यापीठात दक्षिण अमेरिकेचा इतिहास शिकवत असे. पुरातत्त्वाशी त्याचा संबंध नव्हता. सान्तियागो येथील परिषद आटोपून १९०९ च्या फेब्रुवारीत तो पेरूतील आबांकाय शहरात आला, तेव्हा तेथील प्रांताधिकारी हुआन नुन्येस याने त्याला चोकेकिराओ पाहण्याचा आग्रह केला. नुन्येस आणि त्याच्या साथीदारांनी खजिना खणून काढण्यासाठी पैसे जमवले होते. खवळलेली आपुरिमाक ओलांडणे हीच त्यांची मोठी अडचण होती. पोहून पलीकडे जाण्याची कोणाची छाती होईना, तेव्हा अँडीजमध्ये तीस वर्षे फिरती विक्री करणारा एक वयस्क चिनी फेरीवाला कमरेला दोरी बांधून नदीत उतरला, आणि त्या दोरीच्या आधाराने पुढे तारायंत्राच्या तारांचा झुलता पूल उभा राहिला, असे बिंगहॅमने लिहून ठेवले आहे. पूल झाल्यावर समोरच्या डोंगरावर वाट तोडण्यात आली. या फेरीवाल्याचे नाव बिंगहॅमच्या वृत्तान्तात नाही, पण चोकेकिराओच्या वाटेचा इतिहास सांगताना नुन्येस किंवा बिंगहॅम यांच्या आधी त्याचे स्मरण व्हावे, असे मला वाटते.

सुरुंग लावून भिंती फोडूनही खजिनेवाल्यांच्या हाती सोने लागले नाही. बिंगहॅमला मात्र दुसरेच काही मिळाले. अवशेषांचे काय करायचे हे त्याला ठाऊक नव्हते, म्हणून त्याने लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने प्रवाशांसाठी काढलेली मार्गदर्शिका उघडली आणि तिच्यातील सूचनेबरहुकूम मापे घेतली, छायाचित्रे काढली. ही राजधानी नव्हे, अशी शंका त्याच्या मनात पुढे बळावली, कारण जुन्या स्पॅनिश ग्रंथांतील अंतरे आणि खुणा येथे जुळत नव्हत्या. खरी राजधानी शोधण्यासाठी तो १९११ मध्ये परत आला आणि २४ जुलै रोजी एका स्थानिक शेतकऱ्याच्या मदतीने माचू पिचूला पोचला. त्याच मोहिमेत तो एस्पिरितू पांपा येथील अवशेषांपर्यंतही गेला होता. विल्काबांबाची राजधानी तीच, हे मात्र १९६४ मधील अमेरिकन शोधक जीन सावॉय याच्या मोहिमेनंतर मान्य होत गेले.

पुढे दोन्ही जागांच्या वाट्याला आलेले भवितव्य अगदी वेगळे होते. माचू पिचूच्या पायथ्यापर्यंत रेल्वे आली, १९४८ मध्ये वरपर्यंत मोटाररस्ता झाला आणि १९८३ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. चोकेकिराओपर्यंत यातले काहीच आले नाही. १९८० च्या दशकात ‘शायनिंग पाथ’ या माओवादी संघटनेच्या सशस्त्र बंडामुळे हा सारा डोंगरी मुलूख बाहेरच्यांसाठी असुरक्षित झाला. बंडाचा नेता आबिमाएल गुस्मान १९९२ मध्ये पकडला गेला आणि त्यानंतर लगेचच चोकेकिराओची सफाई आणि डागडुजी सरकारी पातळीवर सुरू झाली.

येथील पदभ्रमणाला खरा जोर आला तो माचू पिचूकडे जाणाऱ्या प्रसिद्ध ‘इंका ट्रेल’वरील निर्बंधांमुळे. २००१ पासून तेथे परवानाधारक संस्थेसोबतच जाता येऊ लागले, वाटाडे आणि हमाल धरून दिवसाला ५०० माणसांची मर्यादा पडली आणि फेब्रुवारीत ती वाट बंद राहू लागली. हमालांच्या ओझ्याची मर्यादाही कायद्याने ठरवण्यात आली. परवाना न मिळालेले, गर्दीला कंटाळलेले आणि अधिक खडतर वाट हवी असलेले पदयात्री चोकेकिराओकडे वळले. येथे माणसांऐवजी खेचरे ओझे वाहतात आणि त्यांना हाकणाऱ्यांना ‘आरिएरो’ म्हणतात. ही परंपरा मात्र इंकांची नव्हे, कारण त्यांच्याकडे ओझ्यासाठी लामा होते आणि खेचर हा प्राणी स्पॅनिशांबरोबर आला. काही तुकड्या परत न फिरता पुढे यानामा या गावामार्गे माचू पिचूच्या दिशेने जातात, आणि त्या प्रवासाला साधारण आठ-नऊ दिवस लागतात.

नदीवर तारेवरचे पाळणे (रोपवे) लावून प्रवाशांना थेट वर पोचवण्याची योजना २०१० नंतर जाहीर झाली. वाटेचा आरंभ आपुरिमाक प्रदेशात आणि अवशेष कुस्को प्रदेशात, त्यामुळे अधिकाराच्या वादात ती अडकून पडली. मारांपाताच्या कुटुंबांचे उत्पन्न तंबूंच्या जागा, जेवण आणि खेचरे यांवर आहे. त्यामुळे प्रवासी त्यांच्या वस्तीवरून अधांतरी निघून जाण्यात त्यांचा तोटाच होता. दरम्यान एका पुरात या वाटेवरचा, प्लाया रोसालिना येथील नदीवरचा पूल निकामी झाला आणि नवा बांधून होईपर्यंत पदयात्री, त्यांचे वाटाडे आणि सामानसुमान तारेला टांगलेल्या लोखंडी पाळण्यात बसून, हाताने दोर ओढून आपुरिमाक ओलांडत होते.