ओलाव्यात घट्ट होणारा चीक

कैरीचा चीक ओठाला लागला की ओठ उततो. बिब्बा अंगाला लागला तर फोड येतात, आणि काजूच्या टरफलातलं तेल बोटांची सालं काढतं. आंबा, बिब्बा आणि काजू ही तिन्ही झाडं एकाच कुळातली. त्याच कुळातलं एक झाड जपानमध्ये वाढतं, त्याचं नाव उरुशी. त्याच्याही चिकाने अंग उततं. पण तोच चीक लाकडावर चढवून इशिकावा प्रांतातलं वाजिमा हे छोटं शहर शेकडो वर्षं पोट भरत आलं आहे. तिथल्या भांड्यांना 'वाजिमा-नुरी' म्हणतात.

या चिकाचं वागणं मोठं विलक्षण आहे. आपण ओलं काही वाळवायचं म्हटलं की उन्हात ठेवतो. उरुशी लावलेली वाटी मात्र दमट कपाटात ठेवतात. तापमान २० ते ३० अंश, हवेतला ओलावा ७० ते ८० टक्के. या कपाटाला कारागीर 'फुरो' म्हणतात. जपानीत न्हाणीलाही हाच शब्द आहे.

खरं तर 'वाळणं' हा शब्द इथे लागूच पडत नाही. चिकात निम्म्याहून जास्त असतं उरुशिओल, हेच अंगावर उततं. बाकी पाणी, थोडा डिंक आणि अगदी थोडं लॅकेज नावाचं विकर. हिकोरोकुरो योशिदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १८८३ मध्ये दाखवलं, की चीक घट्ट होतो तो या विकरासारख्या पदार्थामुळे, आणि जास्त तापवला तर तो गुण निघून जातो. लॅकेजमध्ये तांब्याचे अणू असतात. त्यांच्या मदतीने ते हवेतला ऑक्सिजन वापरतं आणि उरुशिओलचे रेणू एकमेकांत गुंतवत जातं. हे काम त्याला ओलावा असेल तरच जमतं. कोरड्या हवेत चीक दिवसेंदिवस चिकटच राहतो.

सावंतवाडीच्या लाखकामातली लाख किड्यांपासून मिळते आणि उष्णतेने पुन्हा मऊ होते. उरुशी एकदा घट्ट झाली की वितळत नाही, मद्यात विरघळत नाही, आम्लालाही दाद देत नाही. तिला सोसत नाही ते कडक ऊन. म्हणून ही भांडी उन्हात ठेवायची नसतात.

वाजिमा आहे नोतो द्वीपकल्पावर, जपानच्या समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या लांब पट्टीवर. हवा दमट, हिवाळ्यात बर्फ. या चिकाला मानवणारी. शिवाय तिथल्या डोंगरात एक खास माती सापडते. डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालांच्या सिलिकाच्या कवचांचे थर साचून ती झाली. ती भाजून, कुटून, चाळून केलेल्या पुडीला 'जिनोको' म्हणतात. कवचांना असंख्य बारीक छिद्रं असतात. त्यांत चीक मुरतो आणि थर दगडासारखा टणक होतो. वाटीच्या काठासारख्या नाजूक जागी आधी कापड चिकटवतात, मग जिनोको मिसळलेल्या चिकाचे थर, घासणं, पुन्हा थर. अशा शंभराहून जास्त पायऱ्या. वरचा काळाभोर चकचकीत पृष्ठभाग सगळ्यांना दिसतो, पण माझ्या मते या भांड्याचं खरं मोल खालच्या न दिसणाऱ्या थरांत आहे.

लाकूड कोरणारा वेगळा, खालचे थर देणारा वेगळा, शेवटचा हात मारणारा वेगळा, सोन्याची नक्षी करणारा आणखी वेगळा. इतकी महागडी भांडी खेड्यातली माणसं घेत कशी? त्यासाठी 'वान-को' नावाची भिशी असे. सगळ्यांनी थोडे थोडे पैसे टाकायचे आणि पाळीपाळीने एकेकाने वाट्यांचा संच न्यायचा. वाजिमाचे व्यापारी देशभर हिंडत, नवा माल विकत आणि जुनी भांडी पुन्हा थर द्यायला घेऊन येत.

चिकाचं अर्थकारण मात्र दुसऱ्या प्रांतात आहे. जपानमध्ये निघणाऱ्या उरुशीचा मोठा हिस्सा उत्तरेकडच्या इवाते प्रांतातल्या जोबोजी परिसरातून येतो. झाड दहा-पंधरा वर्षं वाढवायचं, एका उन्हाळ्यात खाचा पाडून चीक गोळा करायचा आणि मग ते तोडायचं. एवढ्या खटाटोपातून एका झाडामागे मिळतो जेमतेम २०० ग्रॅम चीक. जपानला लागणारा बहुतेक चीक म्हणूनच चीनमधून येतो.

१ जानेवारी २०२४ रोजी नोतोला ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला. वाजिमाच्या प्रसिद्ध सकाळच्या बाजारात आग लागून दोनशेहून अधिक इमारती जळाल्या, घरांबरोबर कार्यशाळाही गेल्या. त्याच सप्टेंबरमध्ये अतिवृष्टीने पुन्हा पूर आला. शहर सोडून गेलेल्यांत कारागीरही होते, आणि या धंद्यात एक जण थांबला की पुढच्या सगळ्यांचे हात रिकामे होतात. खालचे थर देणाराच नसेल, तर नक्षीकाराकडे वाटी पोहोचणार कशी?

तरी त्याच वर्षी तात्पुरत्या कार्यशाळा उभ्या राहिल्या आणि ढिगाऱ्यातून काढलेली भांडी धुऊन, पुसून बाजूला ठेवली गेली. तडा गेलेल्या वाटीवर पुन्हा थर चढवता येतो. तो चढवायला वाजिमात तेच हात हवेत, आणि सोबत तीच दमट हवा.