डबीवरचं 'सी व्हिप एक्स्ट्रॅक्ट' म्हणजे नेमकं काय?

त्वचेची लाली आणि चुरचुर शमवणाऱ्या आमच्या क्रीमच्या डबीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत 'सी व्हिप एक्स्ट्रॅक्ट' असं छापलेलं असतं. ते वाचलं की गिऱ्हाईक हमखास दोन प्रश्न विचारतं: यात स्टेरॉइड आहे का, आणि हे शाकाहारी आहे का?

स्टेरॉइड नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र काउंटरवर देताना आम्हीच अडखळतो. सी व्हिप दिसतो झुडपासारखा, पण आहे प्राणी. कडक शाकाहार पाळत असाल तर हे क्रीम घेऊ नका, आमचं कोरफडीचं घ्या. दोन्हींत आमचा फायदा सारखाच आहे, त्यामुळे संकोच नको.

सी व्हिप म्हणजे मऊ पोवळं. अंगठीतलं लाल पोवळं त्याचं भाऊबंदच, पण अंगठीत आपण वापरतो ते त्या लाल पोवळ्याचं टणक अंग. प्रवाळ भस्म आणि पिष्टीही त्याचीच, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. आमच्या क्रीममध्ये ते नाही. मऊ पोवळ्याच्या मांसल भागातलं 'स्यूडोटेरोसिन' नावाचं रसायन आहे.

हे पोवळं, अँटिलोगॉर्जिया एलिसाबेथी, बहामा बेटांच्या आसपास मिळतं. जांभळट, पिसासारख्या फांद्या. फांदी भिंगाखाली धरली तर तिच्यावर दाटीनं बसलेले इवले जीव दिसतात, प्रत्येकाला आठ नाजूक बोटं. दगडी कवच नाही, पळायला पाय नाहीत. मग माशांनी लचके तोडू नयेत म्हणून हे जीव अंगात कडू-तिखट रसायनं बाळगतात, असं अभ्यासक मानतात.

कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स या समुद्रविज्ञान संस्थेचे विल्यम फेनिकल, सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचे रॉबर्ट जेकब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली या रसायनाची माहिती प्रसिद्ध केली. उंदराच्या कानाला सूज आणणारा पदार्थ लावायचा, त्यासोबत स्यूडोटेरोसिन लावायचं आणि कान किती सुजतो ते बघायचं, अशी ती चाचणी. त्यात हे रसायन इंडोमेथासिन या नेहमीच्या सूज उतरवणाऱ्या औषधापेक्षा सरस ठरलं. पुढे एस्टी लॉडर या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीनं त्याचा अर्क आपल्या 'रेझिलियन्स' क्रीममध्ये घातला. पण उंदराचा कान म्हणजे तुमचा गाल नव्हे, हे आम्ही विक्रेते असूनही सांगतो.

त्वचा चिडली की तिथल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन आणि ल्युकोट्राइन नावाची दाह वाढवणारी रसायनं सोडतात. त्यानं रक्तवाहिन्या रुंदावतात, लाली येते, आग होते. पेशींतून हे पदार्थ बाहेर पडण्याचं प्रमाण स्यूडोटेरोसिन कमी करतं. गंमत अशी की फ्लोरिडाजवळच्या दुसऱ्या एका मऊ पोवळ्यात प्रोस्टाग्लँडिनच भरपूर असल्याचं १९६९ साली आढळलं होतं. एकाच कुळात आग लावणारेही आणि विझवणारेही!

क्रीम महाग का, तर पाणबुडे खाली उतरून फांद्या हातानं छाटतात आणि बुंधा पुन्हा फुटण्यासाठी ठेवतात. मग वाळवणं, अर्क काढणं, आयात. मऊ पोवळ्यांतली अशा जातीची रसायनं बनवणारी जनुकं पोवळ्याच्याच अंगात असतात, हे २०२२ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं. त्यामुळे उद्या जंतूंकडून प्रयोगशाळेत ती बनवून घेता येतील अशी आशा आहे. तसं झालं की सर्वांत आधी आम्ही तिकडे वळू.

काही जण घरातलं 'इंद्रजाल' घेऊन येतात आणि याचाच अर्क काढून द्या म्हणतात. देव्हाऱ्याशेजारी फ्रेम करून लावलेली ती काळपट जाळी वनस्पती नाही, बहुतेकदा सी फॅन, म्हणजे पंख्यासारखं पसरलेलं पोवळं असते. भारतात सगळे सी फॅन वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, ते विकणं किंवा विकत घेणं गुन्हा आहे. आम्ही ते हातातही घेत नाही. मालवणला पाण्यात उतरलात तरी फांदी तोडून आणू नका.

वापर: दाढीनंतरची चुरचुर, उन्हानं आलेली लाली एवढ्यापुरतंच. आधी कोपराच्या आतल्या बाजूला मुगाच्या दाण्याएवढं लावून एक दिवस थांबा. खाज आली तर डबी परत आणा, उघडलेली असली तरी पैसे देऊ. एक्झिमा, सोरायसिस, पू धरलेली पुळी यांवर लावू नका, त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. आणि चेहऱ्यावर आधीपासून स्टेरॉइडचं मलम लावत असाल तर आमच्या भरवशावर ते एकदम सोडू नका, कारण अचानक बंद केलं की चेहरा आणखी लाल होऊ शकतो. ते कसं कमी करायचं ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.