दात हाडांचे नाही, केसांचे नातेवाईक

माझ्या मावसबहिणीचा खालचा एक दुधाचा दात तिशी आली तरी पडला नव्हता, घरात सगळे चिडवायचे की हिचं बालपण काही संपत नाही. शेवटी डेंटिस्टने पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढला तेव्हा कळलं की त्याच्या खाली पक्का दात बनलेलाच नाही. दुधाचा दात आपला आपण पडत नसतो, खालून पक्का दात वर सरकायला लागला की वरच्याचं मूळ विरघळत जातं आणि मग तो हलतो. खाली कोणी नसेलच तर त्याला उठवणार कोण! अक्कलदाढा सोडल्या तर जन्मतः नसणाऱ्यांमध्ये खालची दुसरी उपदाढ आणि वरच्या मोठ्या दोन दातांच्या शेजारचे छोटे दात, हे नेहमीचे गैरहजर.

एखादा दात कमी असला तर काही बिघडत नाही. पण तोंडात मिळून बाराच दात असतील तर? चार्ल्स डार्विनने १८७५ मध्ये सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाची हकिगत छापली (सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, १९३६ पर्यंत). चार पिढ्यांत दहा पुरुष असे की पुढे चार लहान कमजोर दात आणि मागे आठ दाढा, बस. अंगावर केस विरळ, टक्कल लवकर, आणि उन्हाळ्यात कातडी इतकी कोरडी पडायची की हाल व्हायचे. मुलींना यातलं काही नाही, पण त्यांच्या मुलांना मात्र व्हायचं, आणि बापाकडून मुलाकडे कधीच गेलं नाही. आज दहावीचा मुलगाही सांगेल की हे एक्स क्रोमोसोमचं काम दिसतंय, कारण मुलाला एक्स मिळतो तो आईकडूनच. डार्विनला क्रोमोसोम माहीतच नव्हते, तरी त्याने पॅटर्न बरोबर टिपून ठेवला.

आता दात, केस आणि घाम यांचा काय संबंध? आपण दाताला हाड समजतो तिथेच गडबड होते. आईच्या पोटात साधारण सहाव्या आठवड्यात गर्भाच्या तोंडातलं वरचं अस्तर जाड होतं आणि ठिकठिकाणी आत बुडी मारतं, तीच दाताची कळी. केसाचं मूळ आणि घामाची ग्रंथी पण अशीच बनते, वरचा थर खालच्या थराशी केमिकल सिग्नलने बोलतो आणि मग ठरतं की इथे काय उगवायचं. या बोलण्यातलं एक प्रोटीन बनवणारा ईडीए नावाचा जीन १९९६ मध्ये सापडला, एक्स क्रोमोसोमवरच. तो बिघडला की तिन्हीकडे एकदम घोळ, म्हणून दात कमी आणि टोकदार सुळ्यांसारखे, केस विरळ, घाम जवळपास नाहीच. आपण दातांकडेच बघत बसतो, पण खरा धोका घाम न येण्याचा, लहान बाळाचा ताप इतका चढू शकतो की जीवावर बेततं.

याच्या उलटंही होतं बरं का. २०१४ मध्ये मुंबईच्या जेजेमध्ये एका १७ वर्षांच्या मुलाच्या जबड्यातून तब्बल २३२ बारके दात काढले, ऑपरेशन सात तास चाललं. ती ओडोंटोमा नावाची कॅन्सर नसलेली गाठ असते, तिच्यात दातांचंच मटेरियल बनत राहतं.

'नवीन दात उगवणारं औषध आलं' हा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल. पूर्ण खोटा नाहीये तो, क्योटोमध्ये २०२४ ला माणसांवर चाचणी सुरू झाली, दाताची वाढ रोखणारं एक प्रोटीन अडवायचं अशी आयडिया आहे, पण पहिला टप्पा फक्त औषध सुरक्षित आहे का ते बघण्याचा. तोवर कवळी आणि इम्प्लांट.

मला जास्त भारी वाटलं ते जर्मनीतल्या एर्लांगेनचं काम. ईडीए बिघडलेल्या बाळांना जन्मानंतर ते प्रोटीन देऊन फारसा उपयोग झाला नव्हता, कारण वेळ निघून गेलेली असते. मग डॉक्टरांनी आईच्या पोटात असतानाच, गर्भाभोवतीच्या पाण्यात सुईने ते सोडलं, बाळ ते पाणी गिळतंच. तीन मुलं होती, त्यातले दोन जुळे. २०१८ मध्ये रिपोर्ट आला, तिघांनाही नॉर्मल घाम येत होता.